बाबासाहेब कधी नापास झाले होते का?

गेल्या वर्षी जून महिन्यात एका वस्तीतील बुद्धविहारात दहावी-बारावीच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराला जाण्याचा योग आला. अशा कार्यक्रमाचे स्वरूप आपल्या वाचकांना पाठ आहे. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पहार, त्रिसरण-पंचशील, प्रास्ताविक, मग गुलाबपुष्प, पुस्तक, स्मृतिचिन्ह आणि शेवटी प्रमुख पाहुण्यांचे मार्गदर्शन. मार्गदर्शनाची पाळी माझ्यावर होती. मीही नेहमीप्रमाणे बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी वाचली. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर. अठरा-अठरा तास अभ्यास करणारा हा महामानव तुमचा आदर्श आहे, असे सांगितले. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर चपला शोधत असताना एक बाई जवळ आल्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. म्हणाल्या, "सर, माझा मुलगा आला नाही. घरीच आहे." दोन वर्षांपूर्वी याच विहारात, याच व्यासपीठावर त्या मुलाचा सत्कार झाला होता. बारावीला चांगले गुण घेऊन तो दुसऱ्या शहरात इंजिनिअरिंगला गेला. पहिल्या वर्षाचे विषय राहिले, पुढच्या वर्षाला प्रवेश मिळाला नाही. परत आला तो दाराबाहेर पडेना. वस्तीत कोणाला काही सांगितलेले नाही, सुट्टीवर आलाय एवढेच. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "एक विचारू का सर? बाबासाहेब कधी नापास झाले नव्हते ना?"

मी म्हणालो, "नाही हो ताई. बाबासाहेब कसे नापास होतील?"

बाईंनी मान हलवली आणि त्या निघून गेल्या. घरी परतताना मला माझ्याच उत्तराची लाज वाटू लागली. उत्तर वरवर बरोबर होते, पण खरे नव्हते. घरात कोंडून बसलेल्या मुलाला त्याची आई माझे हे उत्तर सांगणार होती. ते ऐकून त्याने काय समजायचे? बाबासाहेब कधी पडले नाहीत, आपण पडलो, म्हणजे आपण त्यांच्या वाटेवरचे नाहीच. त्या बाईंच्या प्रश्नाचे नीट उत्तर देणे माझ्यावर उधार आहे. ते आज देत आहे.

सुरुवात मॅट्रिकपासून करू. १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातील मुलाने हा टप्पा गाठला म्हणून सभा भरली, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. हा प्रसंग आपण दरवर्षी सांगतो. पण त्या मॅट्रिकला गुण किती होते, हे सांगत नाही. ७५० पैकी २८२. म्हणजे साडेसदतीस टक्के!

त्या काळची परीक्षा कठीण होती, गुण हात आखडून दिले जात, हे मान्य. तरीही आज आपल्या विहारातील सत्काराची यादी करणाऱ्या कार्यकर्त्यासमोर साडेसदतीस टक्क्यांची गुणपत्रिका ठेवली, तर तो काय म्हणेल? "पुढच्या वर्षी बघू." आपण फलक लावतो ते नव्वद टक्क्यांचे. त्या फलकावर बाबासाहेबांचे छायाचित्र मात्र वरच्या कोपऱ्यात असते.

त्या २८२ गुणांमागे काय होते ते पाहा. परळच्या चाळीतील एक खोली. तिथेच संसार, तिथेच अभ्यास. सुभेदार रामजी मुलाला लवकर झोपवायचे आणि रात्री दोन वाजता दिव्याखाली अभ्यासाला बसवायचे. मुलाला संस्कृत शिकायचे होते, ते नाकारले गेले, म्हणून फारसी घ्यावी लागली. पेन्शनीत भागत नसे, तेव्हा लग्न झालेल्या लेकींचे दागिने मागून, गहाण टाकून बापाने पुस्तके आणली. हा हिशेब गुणपत्रिकेत कुठल्या रकान्यात लिहितात?

आणि त्या वेळच्या समाजाने काय केले? टक्के विचारले नाहीत. सभा भरवली. केळुसकर गुरुजींनी पुढे या मुलाला महाराजा सयाजीराव गायकवाडांपर्यंत नेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. १९१२ मध्ये भीमराव बी.ए. झाले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला पोहोचले. साडेसदतीस टक्के गुणांच्या मुलावर काही माणसांनी विश्वास टाकला, तेथून हा सारा इतिहास सुरू झाला.

आता अपयशाच्या भीतीकडे वळू. आपल्या मुलांना महत्त्वाकांक्षा नाही, असे कोणी म्हणू शकेल काय? मराठवाड्यातून, विदर्भातून पुण्याला गेलेली आपली पोरे पाहा. एका खोलीत पाच-सहा जण राहतात, एकवेळच्या डब्यावर दिवस काढतात, अभ्यासिकेत रात्री जागवतात. कलेक्टर व्हायचे, डॉक्टर व्हायचे, संशोधक व्हायचे, स्वतःचा उद्योग काढायचा. बापजाद्यांनी ज्याची कल्पना केली नाही ते व्हायचे. महत्त्वाकांक्षेला तोटा नाही. पण तिच्या पाठीला पाठ लावून भीती बसलेली असते. उंच चढणाऱ्यालाच खाली पाहिल्यावर चक्कर येते आणि आमच्या मुलाला खाली काय दिसते? खाली काहीच अंथरलेले नाही.

सुखवस्तू घरातला मुलगा एखाद्या वर्षी नापास झाला तर काय होते? बाप रागावतो, आई रडते, मामा म्हणतो माझ्या दुकानात बस, काका म्हणतो पुन्हा क्लास लावू. वर्ष जाते, आयुष्य जात नाही. आमच्या मुलाचे वर्ष गेले की शिष्यवृत्तीचे गणित बिघडते, वसतिगृहातील जागा धोक्यात येते, आईने बचत गटातून काढलेले कर्ज मात्र तसेच राहते आणि धाकट्या बहिणीचे शिक्षण थांबते. ज्याला हा हिशेब येतो त्याला भीती वाटणारच. तिला भित्रेपणा म्हणणे अन्याय आहे.

दुसरे कारण याहून कडू आहे. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतला मुलगा नापास झाला तर लोक म्हणतात, "तो नापास झाला." आपला मुलगा नापास झाला तर म्हणतात, "हे लोक असेच. कोट्यातून येतात आणि मग झेपत नाही." एकाचे अपयश अख्ख्या जातीच्या खात्यावर मांडले जाते. त्यामुळे आपला विद्यार्थी परीक्षेच्या हॉलमध्ये एकटा बसत नाही. सगळा समाज मानेवर घेऊन बसतो. एवढे ओझे घेऊन बाक मोडेल, पेपर कसा लिहिणार?

आणि ही भीती केवळ मनातली आहे असेही नाही. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. २००७ च्या तिच्या अहवालात वसतिगृहापासून परीक्षेपर्यंतचा भेदभाव नोंदला गेला. रोहित वेमुला तर नापासही नव्हता. हैदराबाद विद्यापीठात संशोधन करत होता. त्याची फेलोशिपची रक्कम थांबली, वसतिगृहातून त्याला बाहेर काढले गेले आणि १७ जानेवारी २०१६ रोजी आपण त्याला गमावले. २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. तीही एम.बी.बी.एस. होऊन पुढे शिकत होती. ही मुले हरली नव्हती, त्यांना घेरले गेले होते. तेव्हा "मनाने खंबीर व्हा" एवढा उपदेश देऊन आपली जबाबदारी संपत नाही.

म्हणूनच बाबासाहेबांच्या आयुष्यातील ती पाने उघडली पाहिजेत, जी आपण घाईने उलटतो.

साल १९१७. कोलंबियाची एम.ए. झालेली, पीएच.डी.चा प्रबंध लिहून झालेला. लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि कायदा यांचा अभ्यास सुरू झालेला आणि तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धवट टाकून परत यावे लागले. पुस्तके वेगळ्या बोटीने पाठवली होती, ती बोट महायुद्धात बुडाली. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातून बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला. शिष्यवृत्तीच्या करारानुसार तेथे नोकरी करायची होती. कचेरीतले शिपाई फायली हातात न देता लांबून टाकत. प्यायला पाणी मिळेना. राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी दाराशी आले. आठ दिवस द्या, एवढेच बाबासाहेबांनी मागितले. मग बडोद्याच्या बागेत एका झाडाखाली पाच तास बसले, रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. या प्रसंगाची आठवण आली की अठरा वर्षांनंतरही डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

त्या झाडाखालचा तरुण जगाच्या हिशेबाने कोण होता? नोकरी टिकवू न शकलेला, शिक्षण अर्धवट राहिलेला, घर नसलेला, सव्वीस वर्षांचा माणूस. अपयश याहून वेगळे कसे दिसते?

मुंबईत येऊन त्यांनी शिकवण्या धरल्या. शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक कंपनी काढली. होय, बाबासाहेबांनी धंदा काढला होता! ज्ञान होते, अमेरिकेची पदवी होती, गिऱ्हाईकही येऊ लागले. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे बंद झाले. कंपनी बुडाली. आज उद्योगात उतरणाऱ्या आपल्या तरुणांना हे ठाऊक असायला हवे. आपल्या समाजात कर्ज घेऊन दुकान टाकलेला मुलगा तोट्यात गेला की लोक म्हणतात, "आपल्या रक्तात धंदा नाही." रक्ताचा काय संबंध? माल चांगला असूनही विकणाऱ्याची जात पाहून पाठ फिरवणारे गिऱ्हाईक ज्या देशात आहे, त्या देशात धंदा बुडण्याचे कारण रक्तात शोधू नये, बाजारात शोधावे.

१९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. तेथेही प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावरून काहींनी कुरकुर केली. पण आता एकच ध्यास होता. अर्धवट राहिलेले पुरे करायचे. परळच्या चाळीत राहून काटकसरीने पैसा साठवला. १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. पदरची बचत, छत्रपती शाहू महाराजांकडून १५०० रुपये आणि कोलंबियात ओळख झालेले मित्र नवल भाथेना यांच्याकडून ५००० रुपये कर्ज.

येथे क्षणभर थांबा. बडोद्यात काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि पाच हजार रुपये काढून देणारा मित्रही पारशीच होता. माणसाला जातीवरून वा धर्मावरून मोजू नये, हे बाबासाहेबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

लंडनला १९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. १९२२ च्या ऑक्टोबरात डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर केला. ब्रिटिश सरकारच्या चलन धोरणावर त्यात कठोर टीका होती. मार्च १९२३ मध्ये निरोप आला. प्रबंध या स्वरूपात स्वीकारता येणार नाही, पुन्हा लिहा. खिशात पैसे नव्हते, म्हणून एप्रिलमध्ये मुंबईला परतावे लागले. म्हणजे १९१७ सारखीच दुसरी वेळ! विलायतेहून पदवीविना परत. या वेळी लोक काय म्हणाले असतील, याची कल्पना करा. बाबासाहेबांनी काय केले? निष्कर्ष तेच ठेवले, मांडणी बदलली, मुंबईत बसून प्रबंध पुन्हा लिहिला आणि ऑगस्टमध्ये पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये भारतीय चलनाविषयीच्या शाही आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली.

बॅरिस्टर झाले तर वकिलीची सनद काढायला पैसे नव्हते. तेथेही नवल भाथेनाच धावून आले. सनद मिळाली तर पक्षकार मिळेनात. घर चालवायला १९२५ पासून अर्धवेळ शिकवण्याची नोकरी धरावी लागली. तोवर जगातल्या दोन नामांकित विद्यापीठांत शिकून झाले होते.

ताई, तुमच्या प्रश्नाचे हे खरे उत्तर आहे. बाबासाहेबांना नोकरी सोडावी लागली. त्यांचा धंदा बुडाला. शिक्षण दोनदा अर्धवट राहिले. प्रबंध परत आला. वकिली रडतखडत सुरू झाली. आणि यातल्या एकाही वेळी ते घरात कोंडून बसले नाहीत.

पण एवढेच सांगून थांबलो, तर मी दुसरी चूक करीन. "बघा, बाबासाहेबांनी कसे केले, तुम्हीही करा" असे म्हणून सगळा भार पुन्हा त्या मुलाच्याच डोक्यावर टाकीन. बाबासाहेबांची जिद्द अद्वितीय होती, यात शंका नाही. पण प्रत्येक पडझडीच्या वेळी त्यांच्याजवळ कोणीतरी उभे होते, हेही तितकेच खरे आहे. बहिणींचे दागिने, केळुसकर गुरुजींची शिफारस, सयाजीरावांची शिष्यवृत्ती, शाहू महाराजांची मदत, भाथेनांचे कर्ज. आणि या सर्वांच्या आधी माता रमाई. नवरा सातासमुद्रापलीकडे, घरात अठराविसे दारिद्र्य, गोवऱ्या थापून संसार चालवायचा, एकामागून एक लेकरे मातीआड जाताना पाहायची आणि तरी पत्रातून परत या असे म्हणायचे नाही. बाबासाहेबांच्या डी.एस्सी.तला निम्मा वाटा या माउलीचा आहे.

बाबासाहेबांनी स्वतः हे पुरेपूर ओळखले होते. म्हणून स्वतः सावरल्यावर त्यांनी पहिले काम कोणते केले? १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. पुढे १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळच्या वेळी वर्ग ठेवले. आपल्याला जो आधार शोधत फिरावा लागला, तो पुढच्यांना दारात मिळावा, हा त्यामागचा विचार होता. भाथेनांसारखा मित्र सर्वांच्या नशिबी नसतो. म्हणून त्यांनी संस्था उभ्या केल्या.

"शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" हे आपण रोज म्हणतो. पण शिकण्याचे काम पोरांवर सोपवून आणि संघर्षाचे काम पुढाऱ्यांवर सोडून आपण मोकळे झालो आहोत. मधला शब्द विसरलो. संघटित होण्याचा अर्थ मोर्चाला जाणे एवढाच नाही. एक पडला तर चौघांनी हात देणे, हेही संघटनच आहे.

सार्वजनिक जीवनातही बाबासाहेबांनी पराभव पचवले. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. वर्षानुवर्षे लाठ्या-दगड खाऊनही दार उघडले नाही. त्या बंद दारासमोरून ते येवल्याला गेले आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत, देशाची राज्यघटना ज्यांनी घडवली, त्यांना मुंबईत काँग्रेसच्या काजरोळकरांनी १४ हजारांहून अधिक मतांनी हरवले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पराभव झाला. आणि त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांत, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, दोन निवडणुका हरलेल्या याच माणसामागे लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. मतपेटीत हरलेला माणूस इतिहासात हरला नव्हता.

आपण ज्यांना शरण जातो, त्या तथागतांचे चरित्र तरी वेगळे काय सांगते? सिद्धार्थाने घर सोडले, आलार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे शिक्षण घेतले, समाधान झाले नाही. मग सहा वर्षे देह कष्टवला. हाडांचा सापळा उरला, हाती काही आले नाही. तेव्हा त्याने मान्य केले की ही वाट चुकली. सुजाताची खीर घेतली, तर सोबतचे पाच परिव्राजक त्याला भ्रष्ट झाला म्हणून सोडून गेले. त्यांच्या दृष्टीने सिद्धार्थ नापास झाला होता! संबोधी त्यानंतरची आहे. आणि संबोधीनंतर भगवान बुद्धांनी सारनाथला पहिला उपदेश कोणाला केला? सोडून गेलेल्या त्याच पाच जणांना. चुकलेली वाट सोडणे म्हणजे हार नव्हे. आणि भुकेल्या, थकलेल्या माणसापुढे वाटी धरणारी सुजाता प्रत्येक वस्तीत असायला हवी.

आपल्या काळातले एक उदाहरण घेऊ. अकोला जिल्ह्यातील एका खेड्यातल्या कल्पना सरोज यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. बंद पडायला आलेली, कर्जात बुडालेली कामानी ट्यूब्ज ही कंपनी त्यांनी उभी केली. ही कहाणी सांगताना आपण शिवणयंत्रावरून थेट कंपनीच्या खुर्चीवर उडी मारतो. मधले सांगत नाही. बालविवाह, सासरचा छळ, माहेरी परतल्यावरची लोकांची बोलणी, त्यातून जीव नकोसा होणे, हे सगळे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. त्या वाचल्या, मुंबईला आल्या, शिवणकाम केले आणि मागासवर्गीयांसाठीच्या सरकारी योजनेतील कर्जातून छोटा धंदा सुरू केला. परत आलेल्या लेकीला टोमणे मारणारा समाजही तोच आणि यश मिळाल्यावर फलक लावणाराही तोच. मधल्या काळात त्यांच्यासोबत आपण होतो काय?

समाजबांधवांनो, येथे थोडे आत्मपरीक्षण केले पाहिजे. मनुवादी व्यवस्था आपल्या मुलांना घाबरवते हे खरे. पण आपणही कमी नाही. एम.पी.एस.सी.चा निकाल हुकलेल्या मुलाला वस्तीत कोणी भेटले की पहिला प्रश्न, "अजून तयारीच चाललीय का?" परत आलेल्या मुलीच्या आईला, "काय झालं, जमलं नाही का?" ज्यांना आरक्षणाची शिडी मिळाली, ज्यांची पक्की घरे झाली, ते साहेबलोक वस्तीत वर्षातून एकदा, १४ एप्रिलला येतात. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती आपण भाषणात सांगतो. पण ते शिकलेले लोक म्हणजे दुसरे कोणीतरी, असे समजून सांगतो.

मग करायचे काय? फार मोठ्या योजनेची गरज नाही. गुणवंतांचा सत्कार करा, जरूर करा. पण त्याच आठवड्यात विहार समितीच्या दोन माणसांनी अडखळलेल्या मुलांच्या घरी जावे. उपदेश करायला नव्हे, विचारायला. कोणता विषय राहिला? फॉर्मची तारीख कधी? फी किती? तो विषय शिकवणारा आपल्यातलाच एखादा प्राध्यापक, अभियंता, शिक्षक शहरात असतोच. त्याने रविवारचे दोन तास द्यावेत. जयंतीच्या वर्गणीतला काही हिस्सा परीक्षा फी, खोलीभाडे, बुडालेल्या छोट्या धंद्याला दुसरे भांडवल, यासाठी बाजूला काढावा. परत करता आले तर परत घ्यावे. डी.जे.च्या एका रात्रीच्या भाड्यात किती मुलांचे एक वर्ष वाचू शकते, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने स्वतःच करून पाहावा.

आणि मुलांना बाबासाहेब पूर्ण सांगा. पदव्यांच्या यादीसोबत २८२ गुणही सांगा, घटनेसोबत बडोद्याचे ते झाडही सांगा. आपण बाबासाहेबांना इतके उंच नेऊन बसवले आहे की पडलेल्या मुलाला त्यांचे पाय सुद्धा दिसत नाहीत. ते त्याच्याच रस्त्याने चालत गेले होते, त्यांनाही ठेच लागली होती, हे कळले तर तो उठेल. भक्तीने हे काम होणार नाही. चरित्र नीट वाचल्याने होईल.

त्या कार्यक्रमानंतरच्या रविवारी मी त्या बाईंच्या घरी गेलो. मुलगा भिंतीकडे तोंड करून झोपला होता, उठून बसला. मी पाहुण्यासारखा चहा घेतला आणि आधी चूक कबूल केली. मग मॅट्रिकचे गुण सांगितले, बडोदा सांगितले, परत आलेला प्रबंध सांगितला. त्याने खाली मान घालून ऐकले. शेवटी एवढेच म्हणाला, "सर, परीक्षेच्या फॉर्मची मुदत बारा दिवसांनी संपतेय. फी भरली तर मी बसीन."

त्याला प्रेरणेपेक्षा फी हवी होती. खरे म्हणजे दोन्ही हवे होते, पण फीची तारीख आधी होती. विहारातल्या चार जणांनी मिळून ती भरली. वस्तीतच राहणाऱ्या, वीज खात्यात नोकरीला असलेल्या एका ताईंनी त्याचे गणित घेतले. त्याचे काही विषय सुटले, काही अजून बाकी आहेत. पुढे काय होईल ते सांगता येत नाही. पण आता तो संध्याकाळी विहारात येतो आणि सातवी-आठवीच्या मुलांना बीजगणित शिकवतो.

या जूनमध्ये त्याच विहारात पुन्हा सत्कार होईल. समितीने मला परत बोलावले आहे. या वेळी पदव्यांची यादी मी वाचणार नाही.

जय भीम!